दोन यमुना जाधव

यमी गेल्याची बातमी मला तिच्या मुलाच्या फोनआधी एका फलकाने कळली. नाशिकला दवाखान्याच्या दाराशी, तिला आणणाऱ्या गाडीची वाट बघत सकाळी चहा घेत उभी होते, तेवढ्यात गावाकडच्या कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी ठसठशीत अक्षरं, खाली हात जोडलेले पाच-सहा पुढारी, मधोमध त्यांचे म्होरके, सारं गाव ज्यांना 'भाऊ' म्हणतं ते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. मला आधी वाटलं, भाऊच गेले की काय... कारण फलकावर दिसत होते तेच. मग वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत, यमी दिसली. यमुना जाधव. 'आमच्या मार्गदर्शक भगिनी.' चहा तसाच राहिला. तिच्या मुलाला, महेशला, फोन लावला तर तो म्हणाला, "मावशी, मी तुला करणारच होतो गं. आत्ताशी तर आईला गाडीतून उतरवलंय. त्यांनी फलक कधी छापला, मलाच कळलं नाही."

महिना होत आला. रडून झालं. आता उरली आहे ती किळस, आणि ती पोटात ठेवून जगणं मला जमत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या शहराचं नाव लिहीत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीतलं, नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं, एवढंच ते शहर. यमीचे वडील बाजारात हमाली करायचे, माझे शाळेत शिपाई होते. आम्ही एका बाकावर शिकलो. मी डी.एड. करून नाशिकला मास्तरीण झाले. ती लग्न करून गावातच राहिली आणि नवरा लवकर गेल्यावर तिने बाजाराच्या तोंडाशी खानावळ टाकली. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, सुकटीची चटणी. पाड्यावरचा माणूस असो की कचेरीतला साहेब, ताट एकच. वाढता वाढता भांडायची सगळ्यांशी. ताटात भात टाकला तर म्हणायची, "पोट केवढं, डोळे केवढे! पुढच्या वेळी विचारून घे." लोक शिव्या खाऊन परत तिच्याकडेच यायचे.

आठवड्याच्या बाजाराला सूर्यमाळपासून, वावरपासून बायका यायच्या. पहाटे डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या, जीपला लोंबकळत पोचायच्या. मोहाची फुलं, करवंदं, पावसाळ्यात शेवळं विकायच्या. दिवसभर बाजारात. आणि दिवसभरात त्यांना लघवीला जायला जागा नाही. हे वाक्य वाचून ज्यांनी नाक मुरडलं असेल, त्यांनी एकदा उन्हात दिवसभर पाणी न पिता बसून बघावं. त्या बायका पाणीच प्यायच्या नाहीत. यमीला हे कळलं तेव्हा तिने खानावळीच्या मागचा स्वतःचा संडास त्यांना उघडून दिला. बाजाराच्या दिवशी तिच्या मागच्या दाराशी रांग लागायची. पाण्याची पिंपं ती आदल्या दिवशी भरून ठेवायची.

नगरपालिकेचं स्वच्छतागृह नव्हतं असं नाही. बाजारातच होतं, गुलाबी रंगाचं. त्याचं उद्‌घाटन भाऊंनी नारळ फोडून केलं होतं आणि फीत कापून झाल्यावर त्याला जे कुलूप लागलं ते लागलं. यमी विचारायला गेली की उत्तर यायचं, "पाण्याची जोडणी मंजूर व्हायची आहे, बाई." जोडणी वर्षानुवर्षं मंजूर होत होती.

एका बाजारी यमीची टाकी भरून वाहायला लागली, म्हणून तिने मागचं दार बंद ठेवलं. त्या दिवशी एक म्हातारी आली, दार बंद बघून परत गेली. दुपारी भर बाजारात, आपल्या पाटीशेजारी, तिचं लुगडं भिजलं. पोरं हसली. एकाने मोबाइलवर चित्रण केलं. यमी धावत गेली, स्वतःच्या अंगावरची ओढणीवजा शाल म्हातारीच्या कमरेला गुंडाळली आणि तिला घरात आणलं. म्हातारी नुसती भिंतीकडे तोंड करून बसली होती. यमीने मला फोनवर सांगितलं, "शैले, ती माझ्याच दारावरून परत गेली गं."

मग तिने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि सगळ्या बाजारादेखत त्या गुलाबी इमारतीचं कुलूप फोडलं. आत संडासाची भांडी होती खरी, पण दिसत नव्हती. फलकांच्या लोखंडी चौकटी, मांडवाचं कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळं छतापर्यंत रचलेलं. आणि पाय ठेवायच्या जागी पालथा पडलेला, भाऊंच्या वाढदिवसाचा फलक. यमीने तो उलटा केला तर भाऊ हसत होते. कुणीतरी फोटो काढला आणि तो गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून यमीवर गुन्हा दाखल झाला, आणि नवं कुलूप लागलं. जुन्यापेक्षा मोठं.

त्या वेळी नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव झालं होतं. भाऊंनी आपल्या पत्नीला उभं केलं. त्या बिचाऱ्या सबंध प्रचारात एक वाक्य बोलल्या नाहीत. त्यांच्या वतीने भाऊच हात हलवायचे. यमीने अपक्ष अर्ज भरला. मी तिला म्हटलं, "यमे, कशाला या घाणीत पडतेस?" ती म्हणाली, "घाण काढायलाच तर पडतेय. मला दुसरं काही नको. कुलूप काढते, पाणी आणते आणि राजीनामा देऊन परत भाकऱ्या थापते."

तिला चिन्ह हवं होतं कढई. खानावळवालीला शोभेल असं. पण कढई दुसऱ्याही एका उमेदवाराने मागितली होती, चिठ्ठी टाकली गेली आणि यमीच्या वाट्याला छत्री आली. दुसरी उमेदवार कोण, ते यादी लागल्यावर कळलं. तिचं नावही यमुना जाधव. नवऱ्याचं नाव तेवढं वेगळं. गावाच्या कडेला कातकरी वस्ती आहे, तिथे राहणारी, वर्षातले निम्मे महिने वीटभट्टीवर जाणारी एक बाई. मतदान यंत्रावर एकाखाली एक दोन यमुना जाधव. एकीसमोर कढई, एकीसमोर छत्री. खानावळवाली यमुना म्हटल्यावर माणसाचं बोट कुठे जाणार? ही अक्कल कुणाची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लोक चहाच्या टपरीवर कौतुकाने सांगत होते, "भाऊंचं डोकं बघा!" मला चीड येते ती त्या कौतुकाची.

यमी रणरणत्या उन्हात छत्री उघडून दारोदार फिरली. प्रत्येकाला सांगायची, "कढई नाही, छत्री. डोक्यावर बघ माझ्या." इकडे प्रचार सुरू झाला, 'संडासवाली बाई'. त्याहून पुढे, बाजारच्या बायका जे पिंप वापरतात त्याच पाण्याने ती ताटं विसळते म्हणे. ज्या कारकुनांनी वर्षानुवर्षं तिच्या हातचं खाल्लं, त्यांनी एकेक करून येणं बंद केलं. मी दोन दिवसांसाठी गेले होते तेव्हा दुपारी जेवणाच्या वेळेला खानावळीत आम्ही दोघीच होतो. भाकऱ्यांची चवड झाकून ठेवलेली. मी विचारलं, "खोटं आहे म्हणून सांगत का नाहीस?" तर म्हणाली, "कुणाला सांगू? त्यांनाही ठाऊक आहे खोटं आहे ते."

निकाल लागला. यमी थोडक्यात हरली. जितक्या मतांनी हरली त्यापेक्षा जास्त मतं कढईला होती.

विजयाची मिरवणूक मुद्दाम खानावळीपाशी थांबवली. गुलाल, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि त्या गोंधळात भाऊंच्या एका कार्यकर्त्याने पुढे येऊन तिच्या उंबऱ्यावर हार घातलेलं एक टमरेल ठेवलं. "ताईंना सप्रेम भेट!" गर्दी खो-खो हसली. गर्दीत तिच्याकडे उधारीवर जेवलेली पोरं होती. शिकलेली, नोकरीतली. भाऊ जीपमध्ये उभे होते. त्यांनी थांबवलं नाही, रुमालाने तोंड पुसलं. यमीने वाकून ते टमरेल उचललं, हार काढून बाजूला ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "बरं झालं. बायकांना एक कमीच पडत होतं." आणि आत जाऊन ते पिंपापाशी ठेवलं. मी दाराशी उभी होते. बाहेरची गाणी दूर जाईपर्यंत ती ते टमरेल घासत बसली.

त्यानंतर काही आठवड्यांनी धाकटी यमुना, कढईवाली, खानावळीच्या मागच्या दाराशी आली. वयाने धाकटी म्हणून मी धाकटी म्हणते. दिसायला ती आमच्याहून म्हातारी. यमीने तिला ओळखलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या बाजारी ती परत आली, परत दार लागलं. यमी काही संत नव्हती. मला म्हणाली, "तोंड बघवत नाही मला तिचं." तिसऱ्या वेळी ती सुनेला घेऊन आली, सून पोटुशी, तिला जायची घाई. यमी बाजूला झाली. "जा आत." मग सून बाहेर येईपर्यंत दोघी यमुना समोरासमोर उभ्या राहिल्या. हा प्रसंग यमीने मला इतक्या वेळा सांगितला की मी तिथेच होते असं वाटतं.

"का केलंस गं असं?" यमीने विचारलं.

"मना काय ठावं बाय? घरकुल देतू सांगला. जीपमदी बसवला, नवा लुगडा नेसवला, अंगठा लाव सांगला, लावला."

"मिळालं घरकुल?"

"नाय. लुगडा पन परत नेला."

यमी म्हणाली, "मग स्वतःला मत तरी दिलंस का?"

"मी छत्रीला दिला. तू उन्हाची छत्री घेऊन आलतीस नं वस्तीवर? सांगलास छत्रीला दे. माझी सून तुझ्याकडंच येते बाजारात. मी तुना दिला."

"अगं, पण तू स्वतः उभी होतीस! कढई तुझी होती!"

धाकटीला ते तेव्हाच कळलं. तिच्या नावाची शेकडो मतं पडली, यंत्रावर तिचं नाव होतं, आणि आपण निवडणुकीला उभ्या आहोत हे तिला कुणी धड सांगितलंही नव्हतं. यमी म्हणाली, मी आधी हसले, शैले. पोट धरून हसले. मग ती पण हसायला लागली, कशाला हसतेय ते न कळता. आणि मग मला इतकं रडू आलं...

त्या दिवसापासून धाकटी खानावळीत राबू लागली. भांडी, पाणी, बाजाराच्या दिवशी मागचं दार. खानावळ पूर्वीसारखी चालली नाही ती नाहीच. पाड्यावरची माणसं यायची, कचेरीवाले आले नाहीत. गुन्ह्याच्या तारखांना यमी एकटी जायची. एका तारखेहून परतली आणि छातीत कळ आली. नाशिकला आणायचं ठरलं. मी इकडे दवाखान्याच्या दाराशी उभी. मोखाडा ओलांडून गाडी घाटाकडे लागली आणि धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून यमी गेली. गाडी तिथूनच माघारी फिरली.

शोकसभेला मी गेले. जायला नको होतं. भाऊंच्या आवाजाला कंप होता. "ताई आणि मी, आमचे मतभेद होते, मनभेद नव्हते," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! टमरेल ठेवणारा कार्यकर्ता समई लावत होता. मग भाऊंनी जाहीर केलं, बाजारातल्या स्वच्छतागृहाला 'कैलासवासी यमुना जाधव' असं नाव देण्यात येत आहे. फलकही तयार होता. माझ्या शेजारी धाकटी बसली होती, नाव ऐकून ती दचकली आणि मला म्हणाली, "बाय, मी त जिती हाय." मी तिचा हात धरला. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. ती दोन मिनिटं संपायच्या आत आम्ही दोघी बाहेर आलो. वाटेत स्वच्छतागृह लागलं. नाव लावून झालं होतं. कुलूप होतं तसंच होतं.

बाजाराचा दिवस होता. धाकटीने खानावळीचं मागचं दार उघडलं, पिंपं बघितली. मी स्वयंपाकघरात गेले. चुलीशेजारी एक बुटकी खिडकी आहे, मागच्या अंगणात उघडणारी. बाजाराच्या दिवशी यमी त्या खिडकीशी पाट टाकून लसूण सोलत बसायची, आणि कुणी बाई आत गेली की तिथूनच ओरडायची, "कडी लागली का गं?" तिला भारी काळजी, कुणी पुरुष माणूस चुकून मागे येईल याची. आतून उत्तर आल्याशिवाय ती पुढची पाकळी सोलायची नाही. पाट तिथेच होता. लसणाची टरफलंही होती थोडी, कोपऱ्यात. मी उभीच राहिले.

अंगणात एक बाई आली, सूर्यमाळकडची असावी, डोक्यावरची पाटी उतरवून आत गेली. खिडकीत कुणी नव्हतं. धाकटी पिंपाशी पाठमोरी होती, तिने काही विचारलं नाही, मी तर नाहीच. तरी आतून आवाज आला,

"लागली, बाय!"