बाभळींपुढची मुनादी

आमच्या गावचा आठवडी बाजार बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या जागेत भरायचा. ती जागा तहसीलच्या साहेबाने लिलावात काढली. लिलावाला एकच माणूस आला आणि स्वस्तात घेऊन गेला.

त्याआधी एका भरदुपारी, सारं गाव कापूस वेचायला गेलेलं असताना, तिथे लिलावाची मुनादी, म्हणजे दवंडी, करणारा एक अनोळखी म्हातारा मी पाहिला होता. निजलेलं लेकरू थोपटावं तसा तो डफ वाजवत होता. समोर फक्त बाभळी. सोबतच्या कारकुनाने मला विचारलं, “ऐकली ना मुनादी?” घाईत मी हो म्हटलं आणि त्याच्या कागदावर पंच म्हणून सही केली.

लिलावानंतर म्हातारा टपरीवर दिसला. मी तावातावाने विचारलं, “बाबा, गावात काऊन नाई वाजवली?”

तो बशीतला चहा फुंकत राहिला.

“साहेबानं उभं केलं तथं वाजवली. कोनी आयकली, हे लिवाले कागदात जागाच नाई.” मग त्याने मान वर केली. “पन तुमी तं आयकली होती ना, भाऊ? तुमी काऊन नाई सांगतलं कोनाले?”

आता बाजार नाल्याकाठी चिखलात भरतो. लोक साहेबाला शिव्या देतात. मीही देतो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.