गोळ्यांसाठी लावलेला कौल

कॉलेजातल्या प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. उंटावरून शेळ्या हाकतात मेले. नायिकेला धाप लागली, हात कापू लागले, की होस्टेलच्या मैत्रिणी लगेच तिच्याभोवती कोंडाळं करतात. एक पाणी देते, एक केसांतून हात फिरवते, नायक मोटारसायकल काढतो. मग कुणीतरी म्हणतं, आता आम्हीच तुझं घर. पुढच्या प्रकरणात बाई बरी.

वेंगुर्ल्याला कॉलेजात असताना आम्ही तिघी भाड्याच्या एका खोलीत राहायचो आणि तिघीही मोबाइलवर ह्याच कादंबऱ्या वाचायचो. माझ्या दोन्ही मैत्रिणी त्यातल्या मिठ्यांवर ढसाढसा रडायच्या. दुसऱ्या वर्षाला माझी झोप उडाली. वर्गात बसले की छाती आवळायची, आणि संध्याकाळी बंदरावर गेलं की पाण्यात उतरावं, परत येऊच नये, असं वाटायचं. हे मी त्या दोघींना सांगितलं. ओरोसच्या सरकारी इस्पितळात मनाचे डॉक्टर बसतात, माझ्यासोबत चला, म्हटलं. एकीचं जर्नल राहिलं होतं. दुसरी निदान खरं बोलली. "थंय कोणी वळखीचा गावला तर? माका पण तसलीच म्हणतीत."

मी एकटीच एसटीने गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत म्हणून बजावलं. हळूहळू झोप लागू लागली. पण तोवर मैत्रिणींनी माझ्या आईला फोन करून हात झटकले होते. "तुमच्या चेडवाक कायतरी लागलला दिसता. घराक घेवन जावा तिका." त्या मिठ्यांवर इतकं रडलेल्या ह्या पोरींना शेवटी सापडलं काय, तर भूत!

आई मला गावी घेऊन आली. घर बांधायचं असो की सोयरीक जुळवायची, आमच्याकडे आधी देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आईने माझ्या गोळ्यांसाठी कौल लावला. काकाने गाऱ्हाणं घातलं, "चेडवान डाक्टराचे गोळये घेवचे काय नाय, ता सांग म्हाराजा." मागून सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणाले. डोकं माझं, आणि व्हय म्हणणारे हे. मला कुणी विचारलंच नाही. डावीकडची पाकळी पडली.

आईने गोळ्यांची पाकिटं कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी भांडले, ताट भिरकावलं, तोंडाला येईल ते बोलले. "माका मरूचा नाय आसा, म्हणान गोळये होये माका!" मी ओरडले.

"देवापेक्षा शाणी झालंस?" एवढंच ती म्हणाली. तेव्हा मला तिचा मनापासून तिरस्कार वाटला. आजही ते आठवलं की मी दातओठ खाते.

काही दिवसांतच छाती पुन्हा आवळू लागली. एका सकाळी मी पाणी काढायला विहिरीवर गेले आणि कळशी खाली ठेवून नुसती उभी राहिले. किती वेळ, ठाऊक नाही. मागून आई आली. तिने माझा दंड धरून मला फरफटत घरात आणलं. मग साडी बदलली, कपाट उघडलं, पाकिटं पिशवीत टाकली आणि मला घेऊन एसटीत बसली. सबंध वाटेत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरची पिशवी तेवढी घट्ट धरून होती.

डॉक्टरांपुढे तिने हापिसात बोलतात तसली मराठी जुळवायला घेतली. "साहेब, गोळ्या मीच बंद केल्या. देवाने नको म्हणून कौल दिला होता. आता देवाचं मोडून हिला आणलंय." मग तिची ती मराठी संपली.

"देवाक रागवाचा आसात तर माझ्यार रागवांदे. चेडवाक गोळये दिया."