वहिनींचा रव्याचा लाडू

आमच्या अंधेरीच्या चाळीतल्या शेजारच्या वहिनींना कुणाचा होकार हवा असला, की त्या आधी त्याच्या तोंडात मोसंबीएवढा रव्याचा लाडू कोंबत. "घ्या हो, एवढासा तर आहे!" आणि मग विचारत. भरल्या तोंडाने नाही कसं म्हणणार? मी त्यांच्या प्रचाराला उन्हातान्हात हिंडले, ती अशीच.

वहिनी म्युनिसिपालटीच्या निवडणुकीला उभ्या होत्या आणि त्यांच्याविरुद्ध दुसऱ्या पक्षाच्या डॉक्टरीणबाई. "चाळीत नळ आणीन," एवढंच वहिनींचं भाषण. त्या पडल्या. आम्ही बायका डोळे पुसत बसलो, तर वहिनी शेगडीवर रवा भाजत होत्या.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंची मिरवणूक आम्हाला खिजवायला मुद्दाम चाळीपुढेच थांबली. वहिनी तबक घेऊन खाली उतरल्या. बाईंना कुंकू लावलं, ओवाळलं आणि लाडू भरवला.

"आमच्या चाळीत नळ आणताय ना, बाई?"

एवढ्या माणसांसमोर बाईंना मान हलवावीच लागली.

"बघितलंत ना सगळ्यांनी? हो म्हणाल्या!"

चाळीने टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनी कसाबसा घास गिळला. "अहो, पण..."

वहिनींनी दुसरा लाडू उचलला. "घ्या हो, एवढासा तर आहे!"