आत्याच्या गोठ्यातली बोटभर जागा

फुलाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते "बरं झालं". फोनवर तिचा मुलगा होता, बापूदादा. सैन्यात सुभेदार, नुकताच सुट्टीवर आलेला. "आई गेली रं सुभ्या," एवढं तो म्हणाला, तेव्हा मी नुसतंच "कुठं?" असं विचारलं होतं. "गोठ्यात. दुपारची जेवली, बाजेवर आडवी झाली. सुरेखा च्याची कपबशी घिऊन गेली तर..." आणि मी म्हणालो, बरं झालं. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं दंडाला असा चिमटा काढला की तो डाग पुढं आठवडाभर हिरवानिळा राहिला. मी आपला मनात शब्द जुळवतोय की आता यातून सुटायचं कसं, तेवढ्यात पलीकडून बापूदादा म्हणाला, "व्हय गड्या. मलाबी पैलं तसंच वाटलं. लय बरं झालं."

यात निर्दयपणा नव्हता, हे आमच्या घरच्यांना सांगावं लागणार नाही. तुम्हाला सांगायला हवं. मांडीचं हाड मोडलं म्हणून त्याच्या महिनाभर आधी आत्याला आम्ही मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं; हट्ट करून ती गोठ्यात परतली ती शेवटच्या आठवड्यात. मी सांगलीत राहतो, त्यामुळं डबा पोचवणं आणि शिव्या खाणं ही दोन्ही कामं माझ्याकडं. हाडापेक्षा तिला छताचा त्रास जास्त. पाठीवर पडून दिवसभर ती वरच्या पांढऱ्या स्लॅबकडं रागानं बघत राहायची. "ह्यात बघण्याजोगं काय हाय रं? ना तुळई, ना किलचानाची फाटी. मानसानं मरायचं तरी कशाकडं बघत?" तिला एकच भीती होती, की आपण इथंच, या पांढऱ्या छताखाली संपणार. आणि त्याखालोखाल दुसरी, की आपल्या मागं गोठा पाडतील. ती भीती अगदीच खोटी नव्हती. बापूदादानं पुढं स्लॅबचा बंगला बांधलेला होता, ठेकेदारानं मागं पत्र्याच्या शेडचं माप घेऊन ठेवलं होतं, आणि पाहुण्यांपैकी जो येईल तो गोठ्याकडं बघून "हे कधी काढणार?" असं विचारून चहाला बसायचा. शेवटच्या भेटीत तिनं माझा हात धरून तोच विषय काढला. मी नेहमीप्रमाणं, ज्यातलं आपल्याला काही कळत नाही त्याबद्दल, ठामपणे बोललो. म्हणालो, "आत्या, तू काळजी करू नको. त्या गोठ्याचं एक ढेकूळसुद्धा आम्ही हलू देणार नाही."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं ती दूध न देणाऱ्या म्हशीकडं बघायची. "येडा हाईस," ती म्हणाली. "न हलवता कसं चालंल?"

मला वाटलं, ताप चढलाय. मी नर्सला बोलावलं.

त्या गोठ्याबद्दल सांगतो. खटावच्या पुढं, जिथं पाऊस हात आखडता घेतो त्या बाजूला आत्याचं गाव. आता तिथं कालव्याचं पाणी आलंय, ऊस आलाय; पण गोठा बांधला तेव्हा बाजरी आणि माळ एवढंच. आत्याचे यजमान, आमचे मामा, तेही सैन्यातच. ते सुट्टीवर येत तेवढ्यात दगड फोडून, भिंती उचलून जात, आणि उरलेलं आत्या करी. दगडमातीच्या भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या खाचेत मी लहानपणी मांडी घालून बसायचो. आता बसलो तर काढायला माणसं लागतील. मध्ये कडुनिंबाची एकच लांब तुळई, तिच्यावर आडवी लाकडं, लाकडांवर बारीक फाट्यांचं किलचान. ही किलचानाची फाटी कोणीही नुसती शेजारीशेजारी ठेवली असती. आत्यानं ती तिरपी बसवून घेतली होती, एक खण डावीकडं झुकलेला, पुढचा उजवीकडं, जोंधळ्याच्या कणसात दाणे बसतात तशी. त्यावर कडुनिंबाचा पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. असं सपाट मातीचं छप्पर म्हणजे माळवद. उन्हाळ्यात बंगल्यातला पंखा गरम वारा फेकत असायचा आणि गोठ्यात चंद्री म्हैस डोळे मिटून रवंथ करत असायची. दोघांत शहाणं कोण, म्हणजे चंद्री की बंगल्यात झोपणारे आम्ही, हे विचारायची सोय नव्हती. भिंतीच्या वरच्या कडेला, ओल्या मातीत आत्यानं आपली बांगडी दाबून गोल गोल ठशांची एक ओळ फिरवली होती, सगळ्या गोठ्याला. म्हशीला काय कळतंय त्यातलं, असं मामा एकदा म्हणाले, तर आत्या म्हणाली, "तुमाला कळतंय व्हय? मग झालं तर."

आणि त्या तुळईला, बरोबर मधोमध, एक दगड टांगलेला होता. नदीतला, गुळगुळीत, लिंबाएवढा. सुतळीला बांधून तो थेट खाली सोडलेला, जमिनीपर्यंत. खाली एक फरशीचा तुकडा पुरलेला. दगड आणि फरशी यांच्यात बोटभर जागा. आत्याची बाज त्याला लागूनच. सकाळी उठली की ती आधी वाकून त्या दगडाखालून बोट फिरवायची, मग तेच बोट कपाळाला लावायची आणि मग म्हशीकडं वळायची. हा गोठ्यातला देव, असं आम्हाला तिनंच सांगितलेलं. हात लावला तर आंधळं होतं म्हणे. मी एकदा सुतळीला लोंबकळायला गेलो तेव्हा देवाच्या आधी आत्यानंच प्रसाद दिला. कान दोन दिवस लाल होता. पुढं माझं लग्न झालं, बायकोनं मोठ्या भक्तीनं त्या दगडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. आत्यानं नारळ फोडून खोबऱ्याची चटणी केली आणि दगडावरचं कुंकू पदरानं हळूच पुसून टाकलं. तेव्हाही मला शंका आली नाही. शंका येणं हा माझा प्रांतच नाही.

दर वर्षी वैशाखात, एका रविवारी, माळवदावर नवी माती टाकायची असते. जुन्या मातीला वर्षभरात भेगा पडतात, पाणी मुरायला लागतं, म्हणून. त्या रविवारी आम्ही सगळे जमायचो. सांगलीहून, कराडहून, पुण्याहून. आत्या खाली पांढऱ्या मातीचा ढीग लावून ठेवायची, आणि घरातल्या प्रत्येकानं एक पाटी वर न्यायची, हा तिचा नेम. लहान पोरांनासुद्धा मूठभर. मी पाटी घेऊन शिडी चढताना मधल्या पायरीवर फोटोसाठी थांबायचो, त्यामुळं माझे मातीकामातले फोटो कोणत्याही गवंड्यापेक्षा जास्त आहेत. मग लाकडी चोपण्यानं माती ठोकायची, पाणी शिंपडायचं, उतार पन्हळीकडं आहे ना ते बघायचं, आणि खाली येऊन आमरसावर तुटून पडायचं. बापूदादा मात्र या दिवशी कधीच नसायचा. त्याची सुट्टी दिवाळीला.

यंदा तो होता. आत्याचं दहावं-तेरावं आटोपलं होतं. ठेकेदार येऊन परत एकदा माप घेऊन गेला होता. बापूदादानं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "औंदा माती टाकू. पुढचं पुढं." मला तो बाजूला घेऊन म्हणाला, "आईनं माझ्याकडनं कायबी कबूल करून घेतलं न्हाई रं. घेतलं असतं तर सोपं गेलं असतं." मी त्याला दवाखान्यात दिलेला शब्द सांगितला. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. आम्ही दोघं फारच हळवे झालो होतो... आणि हळवी माणसं कामाला वाईट.

कारण त्या रविवारी दर वर्षीपेक्षा दुप्पट माणसं आली. जो तो आपली पाटी टाकी आणि मग म्हणे, आता एक आत्याच्या नावाची. कुणी दोन. कराडची एक चुलतबहीण रडत रडत तीन टाकून गेली. आम्ही कुणाला अडवणार? मी स्वतः आत्याच्या नावाची, मामांच्या नावाची आणि फोटो नीट आला नाही म्हणून आणखी एक, अशा पाट्या ओतल्या. माळवद कसं भरल्यासारखं दिसायला लागलं. बापूदादा चोपणं घेऊन ठोकत होता, डोळे पुसत होता, परत ठोकत होता. सगळं इतकं सुंदर चाललं होतं, की आत्या बघतेय असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

तेवढ्यात सुरेखावहिनी, बापूदादाची बायको, स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. सकाळपासून ती एवढ्या माणसांच्या पोळ्यांत अडकलेली. तिनं वर बघितलं, आमच्या पायांखालचा थर बघितला.

"आवं, आधी खरडून घेतलंय न्हवं?"

"काय खरडून?" बापूदादा.

"जुनी माती! दर साली आदल्या दिवशी आमी दोघी खरडून खाली टाकतो. जेवढी जुनी निघंल तेवढीच नवी. मला वाटलं पहाटं फावडं घिऊन वर गेला ते त्यासाठनं."

"मी गवत काढाय गेलतो."

आणि मग खालून, गोठ्यातून, एक आवाज आला. फार मोठा नव्हे. कुणीतरी म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठताना करतं तसा. चंद्रीची रवंथ थांबली.

बापूदादातला सुभेदार तिथं जागा झाला. "कुनी पळायचं न्हाई! एकाएकानं शिडीकडं. हलके आधी." सगळे माझ्याकडं बघायला लागले. हलके आधी याचा अर्थ मी सर्वांत शेवटी, हे मला त्या क्षणी कळलं. मी माळवदाच्या मधोमध होतो. "सुभ्या, भिताडाच्या कडंकडंनं ये. रांगत ये." पुण्याच्या पाहुण्यांसमोर मी पांढऱ्या मातीतून रांगत शिडीपर्यंत आलो. त्याचाही फोटो आहे. मी काढलेला नाही. चंद्रीला वहिनीनं दावं सोडून बाहेर ओढलं.

आत गेलो तर बापूदादा गुडघ्यांवर बसलेला. दगड फरशीवर टेकला होता. टेकला म्हणजे चांगला बसला होता, आणि सुतळी ढिली पडून तिला बाक आला होता.

"देवानं पाय टेकले," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण बारीक.

"भावजी, त्यो कुठला देव," वहिनी म्हणाली. "ते माप हाय. तुळई वाकली की दगूड खाली येतो. आत्ती रोज सकाळी बोट घालून बघायच्या. बोट अडाकलं की समजायचं, वर वज्झं झालं, माती काडा."

"मग देव म्हणून का सांगितलं?"

"तुमी लोंबकळाय लागला हुता म्हनं."

मग वहिनीनंच बाहेर नेलं, गोठ्याच्या मागं. तिथं एक लांबट उंचवटा आहे, त्यावर दर वर्षी भोपळ्याचा वेल चढवलेला. लहानपणी आम्ही त्यावरून घसरायचो. मी त्याला जन्मभर उकिरडा समजत आलो. ती सगळी माळवदावरून उतरवलेली माती होती. आम्ही रविवारी हसतखेळत वर नेत होतो आणि त्याच्या आदल्या दिवशी आत्या, पाहुण्यांची कापडं धुळीनं खराब नकोत म्हणून, तेवढीच खाली आणत होती. आमच्या प्रत्येक पाटीची जागा तिनं आधी रिकामी करून ठेवलेली असायची... आणि मी तिला सांगितलं होतं, एक ढेकूळ हलू देणार नाही.

तुळईखाली दोन टेकू ठोकले. मग दुपारभर, जी माणसं सकाळी माती वर नेत होती तीच ती खाली आणायला लागली. सकाळी रडत होते ते आता हसायला लागले, कारण जो तो पाटी उतरवताना विचारी, "ही कुणाची? मामांची का तुझ्या फोटोची?" कराडची बहीण आपल्या तीन पाट्या मोजून परत घेऊन गेली. मग जुना थर खरडला. बापूदादा घामानं भिजला होता, पण सुट्टीवर आल्यापासून त्याचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. त्यानं नव्या मातीचा पातळ हात फिरवला, चोपला, आणि वरून घागरभर पाणी सोडलं. पाणी निमूटपणे पन्हळीतून भोपळ्याच्या मुळाशी पडलं.

आत मी आत्याच्या बाजेवर बसून तुळईकडं बघत होतो. दोन्ही टेकू सकाळी घणानं ठोकून बसवलेले. वहिनीनं त्यातल्या एकाला पायानं हळूच ढकललं, तर तो आडवा झाला. दुसरा मी ढकलला. सुतळी ताठ झाली होती. दगड फरशी सोडून वर उठला होता आणि पंख्याशिवायच्या त्या गार गोठ्यात, अगदी जरासा, झुलत होता.

ठेकेदाराला बापूदादानं फोन केला. शेडचं माप आता लागणार नाही, म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी, कारण बापूदादा म्हणाला, "न्हाई, पडायला कुठं झालंय? आमीच पाडत हुतो."

परवा वहिनीचा फोन आला होता. पुढच्या वर्षी रविवारी नको, शनिवारी या, आणि जुनी कापडं घालून या, असं निमंत्रण आहे. मी नकार द्यायला कारण शोधत होतो, तेवढ्यात तिनं सांगितलं, की रोज सकाळी बापूदादा उठला की आधी गोठ्यात जातो, वाकतो, दगडाखालून बोट फिरवतो. आणि मग तेच बोट कपाळाला लावतो.

"आवं, त्यो देव न्हाई म्हनून मी कितीदा सांगितलं," वहिनी म्हणाली. "तर म्हनत्यात, मला म्हाईत हाय."