अडकलेली डिकी

आमच्या गाडीचं काम करायला विंझरहून भोरला येणाऱ्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलंच नाही. मी त्यांना दादा म्हणते. गाडीत शिरण्याआधी ते चपला काढतात आणि सीटवर स्वतःचं पोतं अंथरतात. काही विचारलं की आधी पत्र्यावर बोटानं दोनदा वाजवतात, मग म्हणतात, "व्हय, बगू."

दोन वर्षांपूर्वी हे वारले, तेव्हापासून गाडीची डिकी मी उघडलीच नव्हती. परवा उघडायला गेले, तर कुलूप गंजून अडकलेलं. दादांनी मागची सीट थोडी पुढं ओढली आणि फटीतून हात आत घातला. मी मोबाईलची बॅटरी पुढं केली.

"नको वैनी. हाताला कळतंय."

अर्धा तास ते मान दुसरीकडे वळवून कुलपाला तेल सोडत, चाचपत राहिले. शेवटी खट्ट आवाज झाला. मला वाटलं, आता झाकण वर करतील. पण त्यांनी ते बोटभरही उचललं नाही.

"सुटलं. तुमीच उघडा. भाऊंचं सामान आसंल. मी हात धुऊन येतो."

मी झाकण उचललं. आत ह्यांचे चिखल वाळलेले बूट होते, छत्री होती, आणि मी आणायला सांगितलेली कुकरची रिंग, पाकिटातच. ती हातात घेऊन मी किती वेळ उभी राहिले, कोण जाणे.

वळून पाहिलं तर दादा अजून नळाशीच होते. हात कधीच स्वच्छ झाले होते. तरी माझ्याकडे पाठ करून ते चोळतच होते.