सात मिनिटं पुढे

गुरुवार, सहा फेब्रुवारी. मळवली स्टेशन, सकाळ. हजर: मी, देहूरोडच्या एका शाळेतली कारकून; मावशी, तिथल्याच एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या; आणि भाऊ, कॅन्टीनच्याच रस्त्यावर शिलाईचं दुकान चालवणारे. गैरहजर: लोकल.

गाडी रद्द झाल्याचं भोंग्यावरून कळलं तेव्हा मावशी बाकावरून उठल्याच नाहीत. आदल्या दिवशी कॅन्टीनच्या सुपरवायझरने त्यांना बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर पोळ्यांना दुसरी बाई बघतो.

"जाते घरी, बाई," त्या म्हणाल्या. "तितं जाऊन तरी काय? त्यो नगंच म्हननार."

"घरी जायचं नाही. उठा. फाट्यावर चला. आज मीही कॅन्टीनमध्ये येते, गाडीच्या वेळांची वही घेऊन."

गाडी रद्द झाली की काय करायचं, हे आम्ही ठरवून ठेवलं आहे. पाच मिनिटांत स्टेशन सोडायचं. कार्ला फाट्यापर्यंत चालताना भाऊंनी फोन लावायचे, कारण निम्म्या टेम्पोवाल्यांच्या पोरांचे गणवेश तेच शिवतात. फेब्रुवारीत सोपं असतं. पॉलिहाऊसमधले गुलाब रोज सकाळी पुण्याकडे निघतात. आम्ही तिघं टेम्पोत, गुलाबांच्या खोक्यांच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन बसलो.

"ताई, असं कुणी बघितलं तर काय म्हणेल?" भाऊंनी विचारलं.

"म्हनल, तिघांचंबी लगीन हाय," मावशी म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्या नीट बोलल्या.

दिवाळीपासून मी रोज सकाळची गाडी किती वाजता आली ते वहीत लिहीत होते. तक्रार करायची तर हातात आकडा हवा, असं माझं म्हणणं. तीन महिन्यांत गाडी एकदाही वेळेवर आली नव्हती, हे मी शाळेत, घरी आणि फलाटावर ठासून सांगितलं होतं.

सुपरवायझर कॅन्टीनच्या दारातच उभा होता. मी वही त्याच्या हातात दिली. त्याने शेवटचं पान काढून शांतपणे वाचलं.

"मॅडम, सोमवारी मी तळेगावला याच गाडीत चढलो. बारा मिनिटं लेट होती. तुम्ही एकोणीस लिहिलेत. घड्याळ दाखवा बघू."

त्याने माझ्या मनगटाशेजारी आपला फोन धरला. माझं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. म्हणजे असणारच. गाडी चुकू नये म्हणून कितीतरी वर्षांपूर्वी मीच ते पुढे केलं होतं. या लाईनवर बहुतेक जण तसंच करतात. आणि सगळ्या नोंदी मी त्याच घड्याळावरून केल्या होत्या.

"म्हणजे गाडी वेळेवर आली तरी तुमच्या वहीत लेटच," तो हसत म्हणाला. "ही वही घरी ठेवा."

मला लाज वाटली. ती किती वेळ वाटू द्यायची हे मी तिथेच ठरवलं आणि पर्समधून लाल पेन काढलं.

"चूक माझी आहे. प्रत्येक नोंदीतून सात वजा. आता मावशींचे उशिराचे चार दिवस काढा. मी वजा करते, तुम्ही मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. एका दिवशी सव्वीस मिनिटं राहिली, एका दिवशी एकतीस, एका दिवशी अठरा. चौथ्या दिवसापुढे 'रद्द' एवढंच लिहिलं होतं.

"रद्दमधून किती वजा करू, सांगा," मी म्हणाले. "आणि आजच्यातून?"



"हिशोब तुमी दोघं करा," मावशी मधेच म्हणाल्या. "तवा ठिवलाय का कुनी, तेवडं सांगा."

तवा कुणी ठेवला नव्हता. दुसरी बाईही आली नव्हती. त्याने वही मिटली.

"सोमवारी सगळी दुरुस्त करून आणा. आणि त्या गाडीने येणाऱ्या दहा जणांच्या सह्या हव्यात. एकट्या तुमच्या घड्याळावर मी वर काय सांगू? तोवर मावशी कामावर."

मावशी पदर खोचत आत गेल्या.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "ताई, माझंही पाच मिनिटं पुढे आहे. सही चालेल का?"

"आधी घड्याळ मागे घ्या, मग सही करा," मी म्हणाले. आम्ही दोघांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, घड्याळं लावून घेतली.

आज रविवार. नोव्हेंबर आणि डिसेंबर दुरुस्त झाले. सह्या सात झाल्या. जानेवारी आणि फेब्रुवारीची पानं आज संध्याकाळी संपवीन. कामशेतला चढणाऱ्या तिघींच्या सह्या तेवढ्या बाकी आहेत. त्या उद्या सकाळी गाडीत घ्यायच्या. गाडी आलीच नाही, तर टेम्पो कामशेतला थांबवायचा आणि फलाटावर जाऊन घ्यायच्या.