म्हाताऱ्या कुत्र्याच्या रात्री

आमचा कुत्रा रात्री भिंतीकडे तोंड करून भुंकायला लागला, तेव्हा मला पहिला संशय बिबट्याचा आला. मोहर्लीच्या रस्त्याला आमचं गाव. घरामागच्या सांदवाडीचं बांबूचं कुंपण संपलं की धानाच्या शेतांच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की जंगल. इथे बिबट कुत्र्यासाठी अंगणापर्यंत येतो. आमच्या आळीतली किती कुत्री अशी गेली. सकाळी खुंट्याला नुसती साखळी उरायची. म्हणून आमचा कुत्रा पहिल्यापासून घरातच झोपायचा. मुलगी पाळण्यात होती त्या वर्षी नवऱ्याने त्याला तलावावरून उचलून आणलं होतं. ती आता नववीत आहे, चंद्रपूरला वसतिगृहात राहते.

उगाच भुंकायची त्याला सवय नव्हती. तो भुंकला की तिकडे काहीतरी असायचंच. त्यामुळे रोज रात्री तो तांदळाच्या ड्रमामागच्या कोपऱ्यात तोंड खुपसून एका सुरात भुंकू लागला, तेव्हा मला झोप लागेना. एका संध्याकाळी मी मागच्या दाराबाहेर चुलीतली राख पसरून ठेवली. सकाळी राखेत कोंबड्यांचे पाय उमटले होते आणि माझेच. मग वाटलं, ड्रमामागे साप असेल. आम्ही दोघांनी ड्रम ओढून काढला, कोपरा झाडला, बिळं बुजवली. काही नव्हतं. ड्रम तसाच खोलीच्या मध्ये राहिला, तर कुत्रा त्याला धडका घेत फिरू लागला. दिवसभर झोपायचा आणि रात्री घरभर नखं वाजवत येरझाऱ्या घालायचा.

"याले कोनं तरी काही चारलं," नवरा म्हणाला.

कोणी, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. उन्हाळ्यात शेजारणीची कोंबडी गेली होती. ती आमच्याच कुत्र्याने नेली असं तिचं म्हणणं होतं, आणि "या कुत्र्याले एक दिवस पायतेच मी," असं ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलली होती. मी तिच्यावर नजर ठेवू लागले. अंगणवाडीतल्या कामावरून घरी आले की आधी कुत्र्याचं ताट बघायचं, मग कुंपणाकडे. एक दिवस तिने कुंपणावरून पळसाच्या पानावर माशाची मुंडकी ठेवली. कुत्रा तिकडे वळायच्या आत नवऱ्याने ते पान उचललं आणि सरळ चुलीत टाकलं. ती कुंपणापलीकडून बघत होती.

"आमच्या घरी इख रांधते का जी?" तिने विचारलं.

 त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. आता तीही आमच्याकडे बघत राहायची. मी पाणी भरायला निघाले तरी तिकडे बांबूच्या ताटव्यामागे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं.

नवरा तलावात मासेमारी करतो. पहाटे डोंगा वल्हवत जाळी काढायला जावं लागतं. थंडी सुरू झाली त्या सुमाराची गोष्ट. तो निघाला तेव्हा कुत्रा दाराशी उभा होता, पण कडीच्या बाजूला नाही. बिजागरीच्या बाजूला, फटीत नाक घालून. तिथून दार उघडेल असं त्याला वाटत असावं. नवऱ्याने मागून पाठीवर हात ठेवला, "सरक ना बे." कुत्रा दचकून वळला आणि त्याने नवऱ्याचं मनगट दातांत धरलं.

मी उठून बसले तर नवरा हाताकडे बघतच नव्हता, कुत्र्याकडे बघत होता.

"यानं मले वळखलं नाई," तो म्हणाला.

मी साबण लावून, वरून पाणी ओतत कितीतरी वेळ त्याचा हात धुतला आणि सकाळी त्याला आरोग्य केंद्रात नेऊन सुई टोचून आणली. दुपारपर्यंत आळीभर झालं की यांचा कुत्रा पिसाळला. शेजारणीने पोरांना घरात ओढून घेतलं. संध्याकाळी तिचा नवरा आणि आणखी दोघंतिघं आमच्या अंगणात येऊन बसले. ते भांडायला आले नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

"भाऊ, मारा-गिराचं पाप कशाले घेता?" शेजारी म्हणाला. "नाल्याकडे नेऊन बांधून द्या. बिबट आपलं काम करते."

"नाई," मी म्हटलं.

नवऱ्याने नाल्याच्या दिशेला बघितलं. त्याचं ते बघणं मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरांच्या डॉक्टरला गाठलं. तो घरी आला. पाणी पितो का, गिळता येतं का, लाळ गळते का, असं एकेक विचारत त्याने लांबूनच कुत्र्याला निरखलं. मग त्याच्या डोक्यामागे टाळी वाजवली. कुत्र्याचा कानही हलला नाही.

"बहिरा झालाय. दिसतंही कमी," डॉक्टर म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला चळ लागतो ना, रात्रीचा दिवस होतो, घरातलं माणूस परकं वाटतं? कुत्र्यालाही होतं तसं. मला पिसाळल्यासारखा वाटत नाही. पण चावलाय, तर दहा दिवस वेगळा ठेवा आणि नजर ठेवा."

चुलीशेजारच्या छपरीला फळ्या ठोकून त्याला आत ठेवलं.  मी भाताचं ताट आत सरकवायची आणि बाजूला उभी राहून बघायची: पाणी प्यायला का, घास गिळला का, आवाज बदललाय का. चौदा वर्षं हातावर वाढलेल्या जिवाकडे मी अशी चोरासारखी बघत होते. आणि तोही माझ्याकडे तसाच बघायचा. मी मागे सरकेपर्यंत ताटाला तोंड लावायचा नाही. अंधार पडला की माझ्यावर गुरगुरायचा. सकाळी उन्हात मात्र शेपटी हलवायचा, जणू रात्री कोणी दुसरीच बाई आली होती.

दहा दिवस गेले. कुत्रा धड होता, पिसाळलेला नव्हता. पण भुंकणं थांबलं नाही, म्हणून तो छपरीतच राहिला. नवऱ्याची झोप पार उडाली. एकदा डोंग्यात बसल्या बसल्या डोळा लागला आणि एक जाळं हातचं गेलं. त्यानंतर तो घरात फारसं बोलेनासा झाला. शेजाऱ्याशी मात्र पुन्हा बोलू लागला. दोघं रस्त्यावर उभे असायचे आणि मी आले की बोलणं थांबायचं. एका दुपारी तो ओट्यावर बसून जुन्या जाळ्याची दोरी वळताना दिसला.

"कशाले होय हे?"

"असंच," तो म्हणाला.

 मी अंगणवाडीतून लवकर घरी यायला लागले.

तरी एक दिवस उशीर झालाच. आले तर छपरीच्या फळ्या काढलेल्या, कुत्रा नाही, दोरी नाही, नवरा नाही. शेजारीण अंगण झाडत होती. मला बघून तिने मान खाली घातली. मी चप्पल न घालता बांध्यांमधल्या उंच धुऱ्यावरून नाल्याकडे पळाले. धान कापून झालं होतं, लांबवरचं दिसत होतं. सूर्य टेकला होता आणि जंगलाच्या कडेला चितळ ओरडत होतं, बिबट जवळ असला की ओरडतं तसं.

नाल्याच्या अलीकडे मोहाच्या झाडाला कुत्रा बांधलेला होता. त्याच्यापासून थोडं लांब, धुऱ्यावर, नवरा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"तुमी त्याले बांधाले आनलं?"

"हो."

"मंग गेले काऊन नाई?"

त्याने गुडघ्यांतून डोकं वर काढलं. मग म्हणाला, "निंगालो होतो ना. त्या धुऱ्यापावतर गेलो. मले वाटलं, भुंकन, वढन. पन हा चूपचाप बसून राह्यला. त्याले वाटलं, मी आत्ताच येतो म्हून. घरात माह्यावर गुरगुरते अन् इथी भरवसा ठेवते."

मला त्याला खूप बोलायचं होतं. पण ते चितळ पुन्हा ओरडलं, तेव्हा मी नुसती दोरी सोडली आणि कुत्र्याला घेऊन चालू लागले. तो हळूहळू, प्रत्येक धुऱ्याचा वास घेत चालत होता. नवरा मागून येत होता. 

त्या रात्री कुत्रा उजाडेपर्यंत झोपला.

आधी मला त्याचाही संशय आला. मी दोनदा उठून त्याचं पोट हलतंय का ते बघितलं. मग वाटलं, एवढं चालून थकला असेल. दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच मी स्वतः त्याला बांध्यांमधून फिरवून आणलं. दोरी नवऱ्याच्या हातात द्यायला माझं मन तयार नव्हतं. त्या रात्री तो एकदाच उठला. मग फिरवणं रोजचंच झालं. नवरा मागे मागे यायचा, काही दिवसांनी बरोबरीने चालू लागला. एकदा वाटेत माझ्या पायात काटा गेला, मी खाली बसले आणि दोरी आपोआप त्याच्या हातात गेली. मी ती परत मागितली नाही.

हळूहळू बाकीचंही जमत गेलं. ड्रम जुन्या जागी लावला. घरातली एकही वस्तू इकडची तिकडे करायची नाही, असं ठरवलं. रात्रभर एक बारीक बल्ब चालू ठेवला. त्याच्याजवळ जाताना मागून हात लावायचा नाही. आधी जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे त्याला हादरा कळतो. शेजारीण अजून पोरांना त्याच्यापासून लांबच ठेवते, आणि मी तिला त्यासाठी काही म्हणत नाही.

आता तो नवऱ्याच्या बाजेखाली झोपतो. काही रात्री उठतोच. खोलीच्या मध्ये उभा राहून बाजेवरच्या माणसाकडे बघत गुरगुरतो. नवरा उठून बसतो, पाय आपटतो आणि त्याच्या नाकापुढे हात धरतो. "मीच होय रे," म्हणतो. कुत्रा बराच वेळ हात हुंगत राहतो. कधी त्याला पटतं. पटलं नाही, तर नवरा तसाच बसून राहतो.